फाटकाचा हाब्बो

हाब्बो यान्सनचं खरं काम पाणउंदीर धरायचं. पण आमच्या ओल्डेझील गावात त्याला त्या कामावरून कुणी ओळखलं नाही. गाव त्याला फाटकाचा हाब्बो म्हणायचं. तेही मागं नाही, तोंडावर.

आमच्या गावाबाहेर समुद्राच्या अंगाला मोठा बांध आहे. बांधाच्या पलीकडच्या पायथ्याशी, पाण्याच्या बाजूला, एक अरुंद डांबरी रस्ता जातो. त्यावर मोटार चालत नाही. उधाण ओसरल्यावर वाहून आलेला काडीकचरा उचलायला बांध-मंडळाचा ट्रॅक्टर येतो, तेवढाच. एरवी मेंढरं, वारा आणि सायकली. एका हाताला बांधाची हिरवी पाठ, दुसऱ्या हाताला खाजण: करडं गवत, चिखलाच्या नाळी, नाळीत चोच खुपसून उभी पाखरं, आणि त्याच्याही पलीकडं समुद्र, असलाच तर. ओहोटीला तो इतका लांब जातो की परत येईल यावर परक्या माणसाचा विश्वास बसत नाही. आमचा बसतो.

त्या रस्त्यावर सायकल घालायची म्हणजे तोंड मिटून घ्यायचं. डांबरावर टायरची सळसळ, साखळीची कुरकुर आणि कानात वारा, दुसरा आवाज नाही. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. नुसती साखळी ऐकून मी सांगतो की ही सायकल बांधाच्या आत चालते का बाहेर. खारी हवा लोखंड खाते. हाब्बोची सायकल बाहेरची. काळी, जड, बिनगिअरची, पायडल उलटं दाबलं की थांबणारी. मी ती इतक्यांदा उघडून बसवली की तिचं हाडन् हाड मला पाठ झालंय.

मेंढरं बांधावर चरतात म्हणून रस्त्याला जागोजाग आडवी फाटकं आहेत. उतरायचं, दोरी सोडायची, फाटक ढकलायचं, सायकल पार करायची, फाटक लावायचं, दोरी बांधायची, पुन्हा टांग मारायची. आमच्याकडचं पोर देवाची प्रार्थना शिकायच्या आधी फाटक लावायला शिकतं. पण हाब्बोचं निराळं होतं. त्याला उघडं फाटक म्हणजे उघडी जखम. पहिल्या फाटकावरची ‘फाटक लावून घ्या’ ही पाटी त्यानंच रंगवलेली. उन्हाळ्यात शहरातली माणसं बॅटरीच्या सायकली घेऊन येतात, फाटकातून जातात आणि मागं बघत नाहीत. हाब्बो त्यांच्या मागं लागायचा. बॅटरी असो नसो, हा गाठायचाच.

“ओ पाव्हणं! घरला दार हाय का न्हाई तुमच्या?”

“आहे की. का बरं?”

“मग ते बी असंच सताड उघडं टाकून आलाय जनू.”

पाहुणे खजील होऊन परत जायचे आणि फाटक लावायचे. हाब्बो मागोमाग जाऊन दोरी तपासायचा, सोडायचा आणि स्वतःची गाठ मारायचा.

ती गाठ त्याच्या धंद्यातली. पाणउंदीर शेतातलं पाणी काढणाऱ्या चाऱ्यांच्या काठात आणि बांधाच्या पोटात बिळं करतो, आणि बांधाला बीळ म्हणजे उधाणाला धाडलेलं बोलावणं. हाब्बोनं उभी हयात सायकलला सापळे बांधून चाऱ्या धुंडाळल्या. सापळ्याची दोरी गारठलेल्या बोटांनी, ओल्या अंगानं बांधावी लागते, आणि जनावरानं कितीही हिसके दिले तरी सुटता कामा नये. दोन फेरे, एक आतून, शेपूट वरच्या अंगाला. बाकी गाव फाटकाच्या दोरीला साधा फास टाकतं. त्यामुळं हाब्बो कुठवर जाऊन आला ते दोऱ्यांवरून कळायचं.

त्याची बायको हिस्के बोलकी. रविवारी दोघं सायकलवरून पुढच्या गावाला त्याच्या बहिणीकडं चहाला जायची. वारा तोंडावर असला की हाब्बो पुढं आणि हिस्के त्याच्या पाठीच्या आडोशाला. ती मागून सारखी बोलायची. वारा सगळं मागंच घेऊन जायचा. हाब्बोला एक अक्षर ऐकू यायचं नाही, तो थोड्या थोड्या वेळानं “व्हय” म्हणायचा. एकदा तिनं घरी येऊन सांगितलं की निळे पडदे घ्यायला हा व्हय म्हणालाय, आणि घेतले. हाब्बोला निळा रंग बघवत नव्हता. पडदे अजून आहेत. हिस्के नाही. छातीचं दुखणं झालं आणि एका थंडीत गेली. हाब्बो दुसऱ्या रविवारी एकटाच बहिणीकडं निघाला. मला म्हणाला, “मागं कुनी न्हाई तर सायकल हलकी लागंल वाटलं हुतं. न्हाई लागत.” बस्स, तेवढंच. पुन्हा त्या विषयावर बोलला नाही. पण रस्ता सोडला नाही. पाऊस असो, धुकं असो, रोज बांधाबाहेरून जाऊन यायचं. घरात त्याला करमत नव्हतं आणि बांधाच्या आतल्या, मोटारींच्या रस्त्यावर तो कधी चढला नाही.

आता ताल्के. खाजणातल्या मेंढरांची ती मालकीण. पन्नाशीची, हाडापेरानं दणकट, बोलायला कमी. तिचा बाप रीम्ट हाब्बोचा जिवलग. रीम्टला सायकल कधी आली नाही, म्हणून लेकीला हाब्बोनं शिकवली, याच रस्त्यावर. जाताना वारा पाठीशी होता. पोरगी भिंगरीसारखी गेली. मग हाब्बोनं सायकलचं तोंड फिरवलं, म्हणाला, “आता घरी ये,” आणि स्वतः निघून गेला. ती वाऱ्याशी झगडत, रडत, चिखलानं माखून घरी आली. “आता आली तुला सायकल,” हाब्बो म्हणाला. बाप गेल्यावर ती त्यालाच धरून होती. रोज सायकलवरून परतताना त्यानं तिच्या स्वयंपाकघरात चहाला थांबायचं, हा शिरस्ता.

त्या वर्षी उन्हाळा कडक गेला होता आणि बांधाच्या एका पट्ट्यात गवत जळलं होतं. मंडळानं तिथं नवी हिरळी बसवली. मेंढरांनी ती उपटू नये म्हणून बांधाच्या पायथ्याला, रस्त्याच्या कडेनं, कुंपण घातलं. म्हणून ताल्केची मेंढरं बांधावर नव्हती, खाली खाजणातल्या कुरणात होती. त्या कुंपणाला एकच फाटक.

उधाणाचा एक रिवाज आमच्याकडं आजोबा-पणजोबांपासून आहे. इशारा आला की खाजणाचं फाटक उघडायचं, कडी लावून मागं अडकवायचं आणि तसंच सोडायचं. मेंढरांना हाकायला लागत नाही. पायाला पाणी लागलं की ती आपली आपण बांध चढतात. ते एक फाटक त्या एका दिवशी लावायचं नसतं.

ऑक्टोबर सरत आला होता. दुपारी रेडिओनं सांगितलं की उद्या दुपारच्या भरतीला पाणी चढणार. ताल्केनं फाटक उघडून कडीला अडकवलं, आणि उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या, पलीकडच्या रानात ठेवलेल्या बाकीच्या मेंढ्या आणि कोकरं आणायला कुत्रं घेऊन गेली.

हाब्बो तेव्हा बहिणीकडं होता. त्या घरात रेडिओवर देवाची गाणी लागतात. बातम्या लागल्या की बहीण कान पिळते, रेडिओचा. संध्याकाळी हाब्बो निघाला. नैर्ऋत्येचा वारा पाठीला होता, पायडल मारायचं कामच नव्हतं. उजेड जात आला होता. खाजणावरून बदकांचे थवेच्या थवे बांधाच्या आत चालले होते. म्हातारा बांधावरचा माणूस. बदकं आत चालली म्हणजे काय ते त्याला कळायला हवं होतं. त्याचं लक्ष नव्हतं. समोर, रस्त्याच्या कडेच्या कुंपणात, एक फाटक सताड उघडं दिसलं आणि त्याचा पाय आपोआप उलटा दाबला गेला. उतरला, सायकल कुंपणाला टेकवली, कडी काढली, फाटक ओढलं, दोरी घेतली. दोन फेरे, एक आतून, शेपूट वर. टांग मारून घरी.

अंधार पडल्यावर वारा वायव्येला फिरला. आमचं सगळं नशीब त्या फिरण्यात असतं. पाणी एक भरती आधीच आलं.

सकाळी गावातली हाती लागतील ती माणसं घेऊन आम्ही गेलो. पाणी ओसरत होतं. मेंढरं फाटकापाशी होती, एकमेकांवर, जितकी वर चढता येतील तितकी वर. लोकरीत पाणी मुरलं की मेंढरू दगड होतं. चाळिसाच्या वर असतील. काही कुंपणाच्या तारेला लोंबत होती. जिवंत नव्हतं त्यात एकही. ताल्के आमच्या आधी पोचली होती. फाटक उघडं होतं, दोरी खांबाला नुसती लोंबत होती. हाब्बो माझ्या शेजारी उभा होता. मला वाटलं तो मेंढरांकडं बघतोय. तो दोरीकडं बघत होता.

“ह्या शहरातल्या शहाण्यांचं काम हाय हे,” खाणावळीचा उब्बो म्हणाला. “एरवी पाटी वाचीत न्हाईत, आन् वाचली ती नेमकी कालच.”

“मेल्यांनी फाटक लावायला बरा मुहूर्त काढला,” दुसरा कुणी म्हणाला.

ताल्केनं एक मेंढी पायाला धरून ओढत रस्त्यावर आणली आणि दुसरी आणायला गेली. आम्हीही लागलो. हाब्बोनं सगळ्यांत जास्त ओढली. दुपारपर्यंत एकदाही टेकला नाही.

काम उरकल्यावर तिनं आम्हा सगळ्यांना आत बोलावलं. मेंढरं मरोत नाहीतर माणसं, चहा होतोच. कपात खडीसाखरेचा खडा, वर काळा चहा, खडा तडकल्याचा आवाज, कडेनं सायीचा थेंब. ढवळायचा नाही. तीन कप हा आमच्याकडं पाहुण्याचा हक्क आहे. पुरे झालं की चमचा कपात ठेवायचा, तोवर घरची बाई ओतत राहते. तीनच्या आधी चमचा ठेवणारा एकतर आजारी असतो नाहीतर भांडून उठलेला.

हाब्बोनं पहिल्या कपानंतर चमचा ठेवला.

ताल्केच्या हातात किटली होती. तिनं चमच्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. किटली घेऊन पुढच्या माणसाकडं वळली.

दुसऱ्या दिवशी हाब्बो सायकल घेऊन दुकानात आला. सायकलला काही झालं नव्हतं. मी तरी ती उलटी केली, चाक फिरवलं. त्यानं मला सगळं सांगितलं, आत्ता मी सांगितलं तसंच, दोन फेरे आणि शेपटासकट.

“आता मला सांग,” तो म्हणाला, “सांगितलं तर ताल्के गेली. न्हाई सांगितलं तर?”

“न्हाई सांगितलं तर पाव्हण्यांवर जाईल. ते कुठं ऐकायला बसल्यात?”

“उब्बो म्हनतो मंडळ रस्ता बंद करनार हाय. सायकलवाल्यांना. समद्याच फाटकांना कुलपं.”

मी चाक थांबवलं. ते माझ्या कानावर आलं नव्हतं.

“म्हंजे न्हाई सांगितलं तर रस्ता गेला,” हाब्बो म्हणाला. “आन् ह्या दोन्हींबिगर माझ्याकडं तिसरं काय बी न्हाई.”

“सांगायचं असंल तर आजच सांग. शिळं झालं की ते खाववत न्हाई कुनाला.”

तो मान हलवून गेला. ताल्केच्या घरापर्यंत गेला असावा, कारण तिच्या दारातून वळलेला टायरचा माग मी संध्याकाळी पाहिला. सांगितलं मात्र नाही. एकदा नाही, बऱ्याचदा नाही. चहाला जाणं बंद झालं. ताल्केनंही विचारलं नाही, का रे बाबा येत नाहीस. गावाला वाटलं, दोघं आपापल्या परीनं दुःख करताहेत. गावाला असलं काहीतरी वाटून घ्यायला आवडतं.

थंडी सुरू झाल्यावर मंडळाची सभा उब्बोच्या खाणावळीत भरली. शनिवारची दुपार, गाव झाडून हजर. अध्यक्ष शहरातले. त्यांची भाषा इस्त्रीची. आमची चिखलातनं उपसलेली, पण निदान ती कुठली ते वासावरून कळतं.

“हा मार्ग मूलतः बांधाच्या देखभालीसाठी आहे,” अध्यक्ष म्हणाले. “बाहेरच्या सायकलस्वारांच्या बेजबाबदार वर्तनामुळे जी दुर्दैवी घटना घडली, ती लक्षात घेता मंडळाने प्रवेश नियंत्रित करण्याचा प्रस्ताव मांडला आहे.”

“म्हंजे कुलूप,” उब्बो म्हणाला.

“नियंत्रित प्रवेश.”

“त्येच की वो. आमच्यात त्याला कुलूप म्हनत्यात. आन् आमची पोरं शाळंला कुठनं जायची? आतल्या रस्त्यावरनं, ट्रकांच्या पोटाखालनं?”

गलका झाला. उब्बोला पोरांपेक्षा उन्हाळ्यातल्या गिऱ्हाइकांची काळजी होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही माझ्या दुकानाची होतीच. पण कुणी उठून नको म्हणेना, कारण पुढच्या रांगेत ताल्के बसली होती. मेंढरं तिची मेली होती.

“श्रीमती ताल्के, आपलं मत महत्त्वाचं आहे,” अध्यक्ष म्हणाले.

“मला काय बी म्हनायचं न्हाई,” ताल्के म्हणाली. “अजून.”

हाब्बो माझ्या शेजारी होता. टोपी दोन्ही हातांत धरून तो तिची कड गोल गोल फिरवत होता. मग उठला. खुर्ची सरकल्याचा आवाज त्याच्या आवाजापेक्षा मोठा झाला.

“फाटक म्या लावलं.”

“कोणतं फाटक?” अध्यक्ष.

“ताल्केचं. खाजनाचं. पाव्हण्यांनी न्हाई. म्या लावलं आन् गाठ बी म्याच मारली.”

अध्यक्षांनी चष्मा काढला. “श्री. यान्सन, आपल्याला उधाणाचा इशारा ठाऊक नव्हता का?”

“न्हाई.”

“मग आपण फाटक का लावलंत?”

“उघडं हुतं.”

मागून कुणीतरी म्हणालं, “आरं मग रस्त्याला कशाला, हाब्बोलाच घाला की कुलूप.” दोघं-तिघं हसले. मग आपलंच हसू ऐकून गप्प झाले.

ताल्के उठली. मागं वळली नाही, अध्यक्षांकडंच तोंड करून बोलली. “गाठ म्या त्या सकाळीच बघितली हुती. म्याच सोडली ती. तुमी समदे यायच्या आधी.”

“तुला ठावं हुतं?” उब्बो ओरडला. “मग इतकं दीस बोलली का न्हाईस?”

“मेंढरं माझी मेली. ते म्या सोसलं. बोलायचं काम त्याचं हुतं.” मग ती हाब्बोकडं वळली. “काका, तू त्याच सकाळी बोलला असतास तर म्या शिव्या दिल्या असत्या, रडले असते, आन् संध्याकाळी तुला चहा दिला असता. म्या रोज किटली ठिवत हुते.”

हाब्बो टोपीकडं बघत होता.

“रस्ता राहू द्या,” ती अध्यक्षांना म्हणाली. “कुलूप नको. लोकांचा काय दोष? पन हाब्बोकाका, ह्या रस्त्यावरच्या माझ्या फाटकांना तू हात लावायचा न्हाई. उघडायचं न्हाई आन् लावायचं बी न्हाई. कुनी उघडलं तर जा. न्हाई तर ऱ्हा उभा.”

“बरं,” हाब्बो म्हणाला.

त्यावर मतदान झालं नाही. अध्यक्षांनी प्रस्ताव मागं घेतला. त्यांना काय कळलं, काय नाही, देव जाणे. रस्ता वाचला. त्या दिवसापासून त्याला कुणी फाटकाचा हाब्बो म्हटलं नाही. नुसतं हाब्बो. ते त्याला जास्त लागलं असावं.

ती थंडी वाईट गेली. थंडीत त्या रस्त्यावर असतो कोण? हाब्बो रोज निघायचा. पहिल्या फाटकाशी जाऊन उतरायचा, स्वतःच रंगवलेल्या पाटीशेजारी उभा राहायचा. कुणी आलं तर त्याच्याबरोबर पार व्हायचा. न आलं तर गारठून परत. कधी कधी पहिलं फाटक मिळायचं आणि दुसरं मिळायचं नाही, तोवर पहिलं उघडणारा निघून गेलेला असायचा. असा तो दोन फाटकांच्या मधे कोंडला जायचा, मेंढरासारखा. एकदा अंधारून आलं तरी घरी दिसेना म्हणून मी शोधायला गेलो. दोन फाटकांच्या मधल्या पट्ट्यात तो सायकलवरून जात होता. तिकडच्या फाटकापर्यंत, वळून इकडच्या फाटकापर्यंत.

“काय रं, कोंडलाय का काय तुला?”

“व्हय. कोंडलाय.”

“आरं, ती काय बघाया बसलीया व्हय? उघडायचं आन् यायचं.”

“ती बघत न्हाई म्हनून तर,” तो म्हणाला. आणि मी फाटक उघडायची वाट बघत उभा राहिला.

रविवारचं बहिणीकडं जाणंही तुटलं. एवढी फाटकं पार कोण करून देणार? बहिणीनं निरोप धाडला की आतल्या रस्त्यानं ये. त्यानं उत्तर धाडलं नाही.

थंडी सरली, मेंढ्या व्यायल्या. नवी हिरळी धरली होती म्हणून कुंपण काढलं, आणि ताल्केनं उरलेला कळप बांधावर सोडला. कोकरं बांधाच्या उतारावरून गडगडत खाली येत, रस्त्यावर झोपत. बाहेरची माणसंही दिसायला लागली. एके दिवशी मी दुरुस्त केलेली एक सायकल चालवून बघायला बांधाबाहेर गेलो. परत येता येता पाऊस लागला, बारीक, आडवा, डोळ्यांत जाणारा. उघाडीजवळच्या फाटकात मला काहीतरी उभं दिसलं. जवळ गेलो तर हाब्बो.

फाटक सताड उघडं. एक जोडपं त्यातून गेलं होतं. हाब्बोनं मागून हाका मारल्या होत्या, वाऱ्यानं त्या खाजणात नेऊन टाकल्या. फाटकाच्या पलीकडं उघाडीचा कालवा, दगडी, उभ्या काठाचा. त्यात पडलेलं कोकरू वर येत नाही. आणि इकडं मेंढ्या कोकरांना घेऊन फाटकाकडं सरकलेल्या, कारण पलीकडचं गवत नेहमीच बरं. हाब्बोनं सायकल फाटकाच्या जागी आडवी धरली होती, हँडल एका खांबाला, मागचं चाक दुसऱ्याच्या दिशेला, आणि उरलेल्या जागेत स्वतः. टोपीतून पाणी गळत होतं. एक मेंढी त्याच्या गुडघ्याला ढुश्या देत होती. फाटक त्याच्या हातापासून वीतभर लांब होतं.

मी सायकल टाकली आणि फाटक लावायला पुढं झालो.

“थांब,” तो म्हणाला. “ती येतीया. तिचं तिला बघू दे.”

गावाकडून ताल्के सायकलवर येत होती, कुत्रं पुढं. तिनं लांबूनच पाहिलं असणार. उतरली. आधी कोकरांकडं नजर टाकली, मग त्याच्याकडं.

“किती येळ उभा हाईस?”

“पाऊस यायच्या आधीपास्नं.”

“लावायचं की मग.”

“तू न्हाई म्हनलीस.”

“काका, तुला डोस्कं हाय का न्हाई?”

“डोस्कं हाय,” हाब्बो म्हणाला. त्याचे दात वाजत होते. “त्या दिशी हाताला न्हवतं.”

पाऊस ताल्केच्याही तोंडावरून ओघळत होता, त्यामुळं दुसरं काही असलं तरी दिसलं नसतं. मग तिनं कुत्र्याला शीळ घातली. कुत्र्यानं मेंढ्या मागं रेटल्या. फाटक तिनं स्वतः ओढलं, अर्ध्यावर थांबवलं आणि विचारलं, “कुठल्या अंगाला जायचंय तुला?”

“घरच्या.”

तो सायकल घेऊन आत आला. मी आलो. तिनं फाटक लावलं, दोरी घेतली. मला वाटलं, आता ती दोरी त्याच्या हातात देईल. म्हणेल, घे, मार तुझी गाठ, झालं गेलं. गोष्टीत तसं होतं. ताल्केनं साधा फास टाकला, ओढून बघितला आणि सायकलवर बसली. जाताना मला म्हणाली, “त्याला घरी ने. भिजलाय.” कळपाच्या मागं निघून गेली.

त्याची ती गाठ आमच्याकडं आता कुठल्याच फाटकाला दिसत नाही.

घरी जायचं म्हणजे वारा तोंडावर होता. हाब्बोला दोनदा टांग मारता येईना, तिसऱ्यांदा जमली. मी माझी सायकल त्याच्या पुढं घातली, तेवढाच आडोसा. थोडं गेल्यावर तो मागून काहीतरी बोलायला लागला. बराच वेळ बोलत होता. त्या रस्त्यावर त्याला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं, आणि तेव्हाही ऐकलं नाही, वारा सगळं मागं नेत होता. मी मान न वळवता थोड्या थोड्या वेळानं “व्हय” म्हणत राहिलो.